अलेक्झांड्रियाचा आरियस



सूरह अन्निसाच्या शेवटाकडे दिव्य कुरआनने ग्रंथधारकांना धर्मातील अतिरेकापासून सावध केले आहे. मरयमपुत्र ईसा (अ.) हे अल्लाहचे प्रेषित होत, त्रैक्याचे विधान करणे सोडून द्यावे, असा तेथील आशय आहे. हा भाग आपण घरोघरी पठण करतो, जुम्याच्या खुतब्यातही ऐकतो. परंतु हा अतिरेक कोणत्या वाटेने आला, त्याविरुद्ध ख्रिस्ती समाजाच्या आतून कोणी आवाज उठविला होता काय, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. जी असते ती बहुधा मोबाइलवरून आलेली, अर्धी खरी आणि अर्धी रचलेली असते. म्हणून आज आपणांसमोर एका अशा माणसाचे चरित्र ठेवीत आहे, ज्याला त्याच्या धर्मबांधवांनी पाखंडी ठरविले आणि आपल्यातील काही उत्साही लेखकांनी जवळजवळ मुसलमान करून टाकले. त्याचे नाव आरियस.

आरियसचा जन्म इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यास झाला. तो मूळचा लिबियाचा, असे जुने इतिहासकार सांगतात. अन्ताकिया येथील लुशियन नावाच्या विद्वानाच्या शिष्यमंडळात तो स्वतःची गणना करीत असे. हा लुशियन पुढे ३१२ साली रोमन सत्तेच्या छळात मारला गेला. तो काळच तसा होता. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचे ग्रंथ जाळण्याचे व प्रार्थनागृहे पाडण्याचे फर्मान काढले होते आणि इजिप्तमध्ये त्याची झळ सर्वांत जास्त लागली. ३१३ साली छळ थांबला, तेव्हा आरियस साठीच्या आसपास पोचला होता आणि अलेक्झांड्रियात, म्हणजे अरबी ग्रंथांत ज्याला इस्कंदरिया म्हणतात त्या बंदराच्या शहरात, बॉकालिस नावाच्या चर्चचा धर्मगुरू होता.

त्याचे वर्णन त्याच्या विरोधकांनीच लिहून ठेवले आहे. उंच बांधा, किंचित वाकलेली मान, खाली झुकलेली नजर, अंगावर बिनबाह्यांचा साधा झगा, बोलणे मृदू. संन्यस्त जीवन जगणाऱ्या सुमारे सत्तर स्त्रिया त्याच्या मंडळीत होत्या असेही नमूद आहे. हे लिहिणाऱ्याचा हेतू स्तुतीचा नव्हता. हा माणूस गोड बोलून भुलवीत असे, हे त्याला दाखवायचे होते. तरीही त्या शब्दांआडून एका विरक्त, अभ्यासू वृद्धाची आकृती दिसल्यावाचून राहत नाही.

वादाला ३१८ सालच्या सुमारास तोंड फुटले. अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर हा पिता आणि पुत्र दोघेही सारखेच अनादी असल्याचे शिकवीत होता. आरियसने त्यास हरकत घेतली. ईश्वर एकच, अजन्मा व अनादी असेल, तर दुसरा कोणी त्याच्याबरोबर अनादी कसा असू शकेल? पुत्र म्हटला की त्याला आरंभ आला. म्हणजे पुत्र नव्हता अशी एक अवस्था असलीच पाहिजे. ईश्वराने त्याला शून्यातून निर्माण केले. तो सर्व निर्मितीत पहिला व श्रेष्ठ, परंतु निर्मितच. आरियसने आधार घेतला तो ख्रिस्ती लोकांच्याच ग्रंथांचा. पिता आपल्याहून थोर असल्याची आणि अंतिम घटिकेचे ज्ञान आपणांस नसल्याची जी कबुली येशूच्या तोंडी त्या ग्रंथांत आहे, ती आरियसच्या पक्षाचा मोठा आधार ठरली.

ही चर्चा विद्वानांच्या ओसरीवर राहिली असती, तर कदाचित साम्राज्य हादरले नसते. पण आरियसने आपले विचार ‘थालिया’ नावाच्या पद्यरचनेत गुंफले. शिवाय खलाशी, दळणारे आणि वाटसरू यांना गाता येतील अशी गीतेही रचली, असे सांगतात. बंदराच्या शहरात गाणे किती वेगाने पसरते, हे आपल्या कोकण किनाऱ्यावरील वाचकांना सांगायला नको. अलेक्झांडरने इजिप्त व लिबियातील सुमारे शंभर बिशप बोलावून आरियसला बहिष्कृत केले. आरियस पॅलेस्टाईनला गेला, तेथून आशिया मायनरमधील निकोमिडिया येथे. तेथील बिशप युसेबियस हाही लुशियनच्या शिष्यांपैकी आणि राजदरबारी वजन असलेला. पत्रे फिरू लागली, बिशपांत तट पडले.

३२४ साली कॉन्स्टंटाईनने आपल्या शेवटच्या प्रतिस्पर्ध्याचा पराभव केला आणि संपूर्ण रोमन साम्राज्य एका हाती घेतले. राज्य एक झाले, आणि पाहतो तर ज्या धर्मावर त्याची कृपा होती तोच दुभंगलेला. त्याने कॉर्डोबाचा बिशप होसियस याच्या हाती अलेक्झांडर व आरियस या दोघांना मिळून पत्र पाठविले. प्रश्न क्षुल्लक आहे, असे प्रश्न उकरू नयेत आणि विचारलेच तर उत्तर देऊ नये, तुम्ही दोघे समेट करा, असा त्याचा मथितार्थ होता. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ईश्वर एक आहे की त्याच्या ईशत्वात दुसरा कोणी भागीदार आहे, हा प्रश्न सम्राटाला क्षुल्लक वाटला! त्याला हवी होती शांतता. सत्य कोणत्या बाजूला आहे, याची त्याला फारशी चिंता नव्हती.

समेट झाला नाही. मग ३२५ साली नायसिया येथे परिषद भरली. हे गाव आज तुर्कस्तानात इझनिक नावाने आहे. २०२५ साली या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. बिशपांना आणण्यासाठी सरकारी टपालाच्या गाड्या व जनावरे देण्यात आली. किती बिशप जमले याचे आकडे अडीचशेपासून ३१८ पर्यंत दिले जातात, त्यातील ३१८ हा आकडा परंपरेने रूढ झाला, कारण बायबलमध्ये हजरत इब्राहीम (अ.) यांच्या घरच्या लढवय्यांची संख्या तेवढी आहे. काहींच्या अंगावर छळाचे व्रण अजून ताजे होते. ज्या सत्तेने त्यांना डागले होते, त्याच सत्तेचा स्वामी आता जांभळी राजवस्त्रे लेवून त्यांच्यामध्ये येऊन बसला. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मादेखील तेव्हा झालेला नव्हता.

परिषदेत पुत्र हा पित्याशी एकाच सत्त्वाचा आहे, असे सांगणारा ‘होमोऊसिओस’ हा ग्रीक शब्द श्रद्धापत्रात घालण्यात आला. हा शब्द बायबलमध्ये कोठेही नाही आणि ही अडचण तेथे जमलेल्या अनेकांनाही जाणवत होती. तरी सम्राटाचा त्याला पाठिंबा होता. शेवटी आरियसबरोबर ठाम राहिले ते लिबियाकडील दोनच बिशप, सेकुंडस आणि थिओनस. तिघांनाही हद्दपार करून इलिरियाकडे पाठविले गेले. पुढे सम्राटाने फर्मान काढले की आरियसचे लिखाण जाळावे आणि जो ते लपवील त्याला देहान्त शिक्षा द्यावी. ज्यांचे ग्रंथ बावीस वर्षांपूर्वी जाळले गेले होते, त्यांच्याच धर्माच्या नावाने आता ग्रंथ जाळले जाऊ लागले.

येथे आपल्या घरातील तरुणांसाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुम्याच्या नमाजनंतर मुले मला मोबाइलवरील चित्रफिती दाखवितात. त्यांत सांगितलेले असते की नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन चार इंजीले निवडली व बाकीची जाळली, आणि त्रैक्याचा सिद्धान्त कॉन्स्टंटाईनने तेथेच जन्माला घातला. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. परिषदेचे वीस नियम आजही उपलब्ध आहेत. त्यांत धर्मगुरूंची शिस्त, बिशपांचे अधिकार, छळाच्या काळात धर्म सोडलेल्यांना परत घेण्याची रीत असे विषय आहेत. त्याखेरीज ईस्टरच्या तारखेचा निर्णय झाला. बायबलमध्ये कोणते ग्रंथ असावेत याचा निर्णय तेथे झालेला नाही. चार इंजीलांना मान्यता देणारे लिखाण दुसऱ्या शतकापासून आढळते आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा असे एकत्र बोलण्याची रीतही परिषदेच्या आधीची आहे. नायसियात झाले ते एवढेच की, जी समजूत अनेक मतांपैकी एक होती, तिच्यामागे साम्राज्याचे बळ उभे राहिले. हेच पुरेसे गंभीर आहे. त्याला खोट्याची जोड कशाला? कोणा समाजाविषयीचा राग आपणांस न्यायापासून ढळवू न देण्याची आज्ञा सूरह अल्माइदामध्ये आहे आणि ती इतिहास सांगतानाही लागू आहे. वसईच्या किंवा पुण्याच्या ख्रिस्ती शेजाऱ्याशी बोलताना आपल्या मुलाने अशी ऐकीव कथा सांगितली आणि शेजाऱ्याने ती सहज खोडून काढली, तर त्या मुलाच्या तोंडून पुढे निघणारी तौहीदची खरी गोष्टही ऐकली जाणार नाही.

आता पुढे काय झाले ते पाहा. दोन-तीन वर्षांतच सम्राटाचे मन पालटले. ३२७च्या सुमारास आरियस व त्याचा सहकारी युझोइयस यांनी एक श्रद्धापत्र सादर केले. त्यात वादग्रस्त शब्द टाळलेले होते. न नायसियाचा शब्द, न आरियसची जुनी वाक्ये. सम्राटाचे समाधान झाले. पण ३२८ साली अलेक्झांड्रियाच्या गादीवर अथानेशियस आला होता. नायसियाला तो तरुण डिकन म्हणून आपल्या बिशपबरोबर गेला होता. त्याने आरियसला परत घेण्यास साफ नकार दिला. ३३५ साली टायर येथील परिषदेने अथानेशियसलाच पदच्युत केले आणि सम्राटाने त्याला आजच्या जर्मनीतील ट्रियर येथे धाडले. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये जमलेल्या बिशपांनी आरियसला परत घेण्याचा निर्णय दिला. एकाच राजाने दहा वर्षांत दोन्ही पक्षांना हद्दपार केले होते.

३३६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आरियसला विधिपूर्वक मंडळीत घेण्याचे ठरले. आदल्या दिवशी शहराच्या चौकाजवळ त्याच्या पोटात कळा उठल्या, तो शौचगृहात गेला आणि तेथेच मरण पावला. विरोधकांनी हा ईश्वरी कोप म्हणून शतकानुशतके सांगितला, त्यात किळसवाणे तपशील भरले. मदरशात हदीसशास्त्र शिकताना आम्हांला पहिला प्रश्न विचारायला शिकवितात तो असा, की सांगणारा कोण आणि त्याने कोणाकडून ऐकले? या वृत्तान्ताचा सर्वांत जुना लेखक स्वतः अथानेशियस. तो त्या वेळी ट्रियरला होता. मकारियस नावाच्या धर्मगुरूकडून ऐकल्याचे तो स्वतःच सांगतो. म्हणजे एका कट्टर विरोधकाने दुसऱ्या विरोधकाकडून ऐकलेली गोष्ट. मृत्यू अचानक आला, एवढे मान्य करता येईल. विषप्रयोगाचा संशय काही आधुनिक अभ्यासकांनी घेतला आहे, पण त्यालाही पुरावा नाही. आजारी पडून कोठे प्राण जावा हे कोणाच्या हाती नसते आणि त्यावरून मृताची टवाळी करणे आपल्या दीनमध्ये शोभत नाही. ज्यांना आपण चुकीचे मानतो, त्यांच्या बाबतीतही नाही.

आरियसचे लिखाण आज किती उरले आहे? तीन पत्रे आणि थालियातील काही तुकडे, तेही मुख्यतः अथानेशियसने खंडन करण्यासाठी उतरवून घेतलेले. त्याला जे काही म्हणायचे होते ते आपण त्याच्या शत्रूंच्या हातून वाचतो.

तरीही जे हाती आहे त्यावरून एक प्रश्न सोडविता येतो, आणि आपल्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. आरियस तौहीदवादी होता काय? अन्दलूसचे थोर विद्वान इब्न हज्म यांनी धर्मपंथांवरील आपल्या ग्रंथात त्याची नोंद शुद्ध तौहीद मानणारा म्हणून केली आहे, ईसा (अ.) हे निर्मित दास होत, असे त्याचे मत असल्याचे ते सांगतात. मात्र त्याच नोंदीत हेही आहे की, ज्या शब्दाच्या द्वारे अल्लाहने आकाश व पृथ्वी निर्माण केली तो शब्द म्हणजे ईसा, असे तो मानी. अडचण नेमकी येथे आहे. आरियसच्या मते पुत्र सृष्टीच्या आधीपासून होता, जग त्याच्याकरवी निर्माण झाले, आणि ईश्वर ही पदवी त्याला कृपेने का होईना दिलेली होती. कुरआनातील ईसा (अ.) मरयम (अ.) यांच्या उदरी जन्मले; पाळण्यातील त्यांचा पहिला उद्गार स्वतःला अल्लाहचा दास म्हणविण्याचा होता; त्यांनी केलेले चमत्कार अल्लाहच्या परवानगीने झाले. आरियसचा पुत्र आणि हे ईसा (अ.) एक नव्हेत.

याहून नाजूक मुद्दा उपासनेचा आहे. आणि तो, आश्चर्य वाटेल, अथानेशियसनेच मांडला. त्याचा युक्तिवाद असा होता की आरियसपंथी एकीकडे पुत्राला निर्मित म्हणतात आणि दुसरीकडे त्याची प्रार्थना करतात, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतात; निर्मिताची उपासना ही तर मूर्तिपूजकांची रीत झाली. हा युक्तिवाद अचूक आहे, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. निर्मिताची उपासना हाच शिर्क. या पेचातून निघण्याचे दोन मार्ग होते. उपासना कायम ठेवायची असेल तर ज्याची उपासना होते त्याला अनिर्मित ठरवावे लागते. नायसियाने तो मार्ग धरला. नाही तर तो निर्मित आहे हे मान्य करून उपासना थांबवावी लागते. आरियसने पहिले अर्धे पाऊल टाकले, दुसरे टाकले नाही. त्याच्या पंथाची इमारत पुढे टिकली नाही याची कारणे राजकीय होती खरी, पण हा पोकळ वासाही त्यात होताच. दुसरे पाऊल कुरआनने टाकायला लावले, जेव्हा मसीह यांना अल्लाहचा दास होण्यात मुळीच कमीपणा वाटत नाही, हे त्याने जाहीर केले.

हे वाचून ख्रिस्ती बांधवांकडे बोट दाखविण्याचा मोह होईल. त्याआधी आपल्या इतिहासाकडे एक नजर टाका. अब्बासी खलीफा मामून याने हिजरी २१८, म्हणजे इसवी ८३३ साली, कुरआन निर्मित आहे या मतासाठी विद्वानांची चौकशी आरंभली. तेथेही प्रश्न अल्लाहच्या वचनाविषयीचा होता आणि तेथेही सत्ताधीशाने श्रद्धेचे सूत्र ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी तुरुंग सोसला, मुअतसिमच्या काळात फटके खाल्ले, पण शब्द बदलले नाहीत. विरोधक त्यांना विचारीत की ईसा (अ.) यांना कुरआनने अल्लाहचे वचन म्हटले आहे आणि ते तर निर्मित आहेत, मग वचन निर्मित नाही कसे? त्यांच्या नावे असलेल्या ग्रंथात याचे उत्तर असे येते, की ईसा (अ.) हे ‘कुन’ या आज्ञेने झाले, ते स्वतः ती आज्ञा नव्हेत. पाचशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात जी गाठ सुटली नव्हती, ती बगदादमध्ये एका वाक्यात सुटते. फरक एवढाच की आपल्याकडे खलीफाचे मत दोन-तीन कारकीर्दींनंतर मागे पडले आणि तुरुंगातल्या इमामांचे मत उम्मतने स्वीकारले. रोममध्ये ज्या पक्षाकडे अखेरचा सम्राट वळला त्याचेच मत राहिले.

तो अखेरचा सम्राट कॉन्स्टंटाईन नव्हता. ३३७ साली मृत्युशय्येवर त्याला बाप्तिस्मा दिला तो आरियसचा मित्र निकोमिडियाच्या युसेबियसने. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस आरियसपक्षाकडे झुकलेला होता. त्याच्या राज्यात अथानेशियसला पुन्हा पुन्हा पळावे लागले आणि ३५९ साली नायसियाचा शब्द बाजूला ठेवणारे सूत्र बिशपांकडून मान्य करून घेतले गेले. ३८१ साली थिओडोशियसच्या काळात कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली, पवित्र आत्म्याविषयीचे कलमही विस्तारले आणि आज चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धापत्राला आकार आला. साम्राज्यात आरियसपंथ संपत गेला. पण सीमेपलीकडे गॉथ लोकांत तो वाढला. उल्फिलास नावाच्या बिशपने गॉथिक भाषेसाठी लिपी तयार करून बायबलचा अनुवाद केला होता आणि तो याच मताचा होता. उत्तर आफ्रिकेतील व्हँडल आणि स्पेनमधील व्हिसिगॉथ राजे दीर्घकाळ आरियसपंथी राहिले. शेवटी ५८९ साली टोलेडोच्या परिषदेत राजा रेकारेडने प्रजेसह नायसियाचे मत पत्करले. त्या वर्षी मक्केत हजरत मुहम्मद (स.) सुमारे अठरा वर्षांचे होते.

आणखी एका धाग्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण वाचक तो विचारतातच. पैगंबर (स.) यांनी सम्राट हिरक्ल यास हजरत दिहया कल्बी (रजि.) यांच्या हाती जे पत्र पाठविले, त्यात ‘अरीसिय्यीन’ हा शब्द आला आहे, हे पत्र सहीह बुखारीत आहे. बहुतेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ शेतकरी, म्हणजे राजाच्या मागे चालणारी सामान्य प्रजा, असा केला आहे. इमाम तहावी (रह.) यांनी मात्र ईसा (अ.) यांना दास मानणाऱ्या एका पंथाचा निर्देश केला आहे आणि गेल्या शतकात मौलाना अबुल हसन अली नदवी (रह.) यांनी हा शब्द आरियसच्या अनुयायांशी जोडण्याच्या बाजूने लिहिले. मला स्वतःला पहिला अर्थ अधिक जवळचा वाटतो. हिरक्लच्या राज्यात त्या वेळी आरियसपंथाचे नाव घेणारे फारसे उरले नव्हते; शेतकरी मात्र होतेच, आणि राजाने श्रद्धेचा निर्णय फिरविला की आपला निर्णय फिरविण्याची सवय त्यांच्या पूर्वजांना नायसियापासून लागलेली होती. पत्रात त्यांच्या पापाचा भार हिरक्लवर टाकला आहे, तो याच कारणासाठी असावा.